टॉनिक बाजूला ठेवल्यावर कळलेली जिन

आठ महिन्यांपूर्वी मला कुणी विचारलं असतं, तर सगळ्या जिन सारख्याच असं ठासून सांगितलं असतं. कारण मी जिन पीतच नव्हतो, तिच्यात ओतायचं टॉनिक वॉटर पीत होतो. क्विनीनचा कडूपणा आणि वर बक्कळ साखर. त्यात काहीही ओता, चव तीच.

मग ठरवलं, नवी बाटली आली की पहिला पेला असा: ३० मिली जिन, तेवढंच साधं पाणी, बर्फ नाही. पिताना मजा शून्य, पण बाटलीत काय आहे ते कळतं.

सुरुवात ग्रेटर दॅनपासून. २०१७ साली गोव्यातून आलेली ही लंडन ड्राय. लंडन ड्राय म्हणजे लंडनची, असा माझा समज होता. पण ते नाव पद्धतीचं. चव-वास जो यायचा तो ऊर्ध्वपातनातच, नंतर वरून काही घालायचं नाही, साखरही लिटरमागे ०.१ ग्रॅमपर्यंतच. आधी जुनिपर, म्हणजे जिनला तिचा मूळ वास देणारं फळ, मागून धण्यांचा लिंबाकडे झुकणारा वास. सरळ, नखरे नसलेली. टॉनिक घालणारच असाल तर हीच घ्या.

स्ट्रेंजर अँड सन्सही गोव्याचीच. लिंबूवर्गीय साली, जायफळ, मिरी. पहिल्या घोटाला मी खूश होतो. दुसऱ्या पेल्यापर्यंत सालींचा वास डोक्यात जायला लागला. तळलेल्या सुरमईबरोबर मात्र तोड नाही.

हेंड्रिक्स स्कॉटलंडची, काकडी-गुलाबाचा अर्क ऊर्ध्वपातनानंतर मिसळतात, म्हणून ती लंडन ड्राय नाही. आमच्या ग्रुपमध्ये हिचे भक्त आहेत. मला प्रत्येक वेळी लग्नाच्या दारात उभं राहून गुलाबपाणी शिंपडून घेतल्यासारखं वाटलं. मेहुण्याने आणलेली गोडसर ओल्ड टॉम लिंबू-सोड्यात संपवली, बस.

शेवटी हपुसा. ग्रेटर दॅनवाल्यांचीच, पण यातली जुनिपर हिमालयातली, सोबत हळद आणि गंधराज लिंबू. पहिला घोट अजिबात आवडला नाही. मातकट वाटला, बाटली महिनाभर कपाटात पडून होती. मग कळलं की हपुषा हे जुनिपरचंच संस्कृत नाव. काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन पन्नास ग्रॅम मागितली. दुकानदाराने विचारलं, "पोटासाठी का?" मी हो म्हणालो, अगदीच खोटं नव्हतं. घरी येऊन खलात चार फळं चेचली आणि राळेसारखा, ओल्या लाकडाचा वास नाकात शिरला. तो ओळखीचा झाल्यावर पुन्हा बाटली उघडली, तर मला जे मातकट वाटलं होतं त्यात हाच वास होता, वर हळदीची पुसटशी कडवट झाक.

तेव्हापासून तीच. ४५ मिली, गार सोडा, आल्याची चकती. मे महिन्यात कैरीची फोड. टॉनिक घरात आणणं बंद झालंय.

तक्रार एकच. आमचा दुकानदार मागवायला तयार नसतो. "साहेब, हिला गिऱ्हाईक तुम्ही एकटेच," म्हणतो आणि व्हिस्की पुढे सरकवतो. गोव्यात हीच बाटली बरीच स्वस्त पडते, पण ती गाडीत टाकून गोव्याच्या सीमेवरचा बांद्याचा नाका ओलांडायची हिंमत आपल्यात नाही. म्हणून तिकडे गेलो की तिथेच बसून पितो.