19 पोरं, 3 दोऱ्या आणि एक न निघणारी अंगठी

पाऊस सुरू झाला की आमच्या डिचोलीत पोरांना खेळायला मैदान म्हणून उरतच नाही, सगळा चिखल. म्हणून मंडळातल्या 19 जणांना घेऊन (वयं 11 ते 16) मागच्या रविवारी पणजीच्या बाजूला एका इनडोअर क्लायंबिंग वॉलला जाऊन आलो. नाव इथे टाकत नाही, कारण तक्रार पण करणार आहे.

आधी चांगलं सांगतो. भिंत टॉप रोपची, म्हणजे दोरी वरच्या अँकरमधून फिरून खाली बिलेयरच्या (खाली उभं राहून दोरी सांभाळणाऱ्याच्या) हातात, पोरगं सुटलं तरी थोडंसं खाली येऊन लोंबकळत राहतं. तिथला कोच भयंकर काटेकोर माणूस निघाला. हार्नेसचा (दोरी बांधायला अंगात घालतात त्या पट्ट्यांचा) कमरेचा पट्टा हाडाच्या वर आलाय का बघायचा, फिगर एटची (8 च्या आकाराची) गाठ प्रत्येकाला स्वतःच्या बोटाने पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवून बघायला लावायचा, मग कॅराबिनरचा (दोरी अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू दाबून बघायचा, आणि हे प्रत्येक फेरीला. तिसऱ्या फेरीला पोरं वैतागली, "सर, आत्ताच तर बघितलं!" तर म्हणतो, मघाची गाठ मघाशी होती. मला माणूस एकदम पटला.

अंगठ्या, कडी, साखळ्या सगळं काढायला लावलं. अंगठी होल्डमध्ये (भिंतीवर धरायला बसवलेल्या उंचवट्यात) अडकून अंगाचं वजन त्यावर आलं तर बोटाची कातडी सोलून निघते, हे ऐकल्यावर सगळ्यांनी पटापट काढलं, फक्त एकाची निघेना, शेवटी बेसिनवर साबण लावून काढली आणि माझ्या खिशात ठेवली. मुलींना केस घट्ट बांधायला सांगितलं, सुटे केस बिलेच्या डिव्हाइसमध्ये (दोरी अडवणाऱ्या साधनात) ओढले जातात म्हणून.

एक गंमत झाली. आमचा एक दणकट गडी अर्ध्यावरून सुटला तशी त्याला धरून असलेली तिथली सडपातळ मुलगीच हातभर वर उचलली गेली. तिने ब्रेकच्या बाजूचा (दोरी अडवून धरणारा) हात अजिबात सोडला नाही, गडी सुखरूप खाली. पण वजनात एवढा फरक दिसत असताना तिला आधीच वाळूची पिशवी बांधायला हवी होती ना, ती नंतर बांधली.

आता तक्रार. 2 तासांचा स्लॉट, दोऱ्या 3, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 3 फेऱ्या. शेवटच्या अर्ध्या तासात कोच दुसऱ्या ग्रुपकडे गेला आणि जो आला तो बिले करता करता मोबाईल बघत होता. मी सरळ जाऊन सांगितलं, बाबा रे, दुसऱ्याचं पोर टांगलंय तुझ्या हातात, ठेव तो खिशात. ठेवला, पण तोंड वाकडं करून. शिवाय 18 च्या खालच्यांना पालकांची सही लागते हे फोनवर कोणी बोललंच नाही, दोघांचे पालक फोनच उचलेनात, ती दोघं पूर्ण वेळ बाकावर बसून राहिली.

ऑटो-बिले (माणसाऐवजी दोरी आपोआप सांभाळणारं यंत्र) पण एक आहे, त्यावर भीती कसली तर क्लिप लावायलाच विसरण्याची, म्हणून समोर आडवा पडदा लावलाय, तो काढल्याशिवाय चढताच येत नाही. हे आवडलं.

परत जाणार, पण 12 च्या वर पोरं नेणार नाही, फॉर्म आठवडाभर आधी मागून घेणार आणि शेवटपर्यंत तोच कोच राहील हे पैसे भरायच्या आधी कबूल करून घेणार. येताना म्हापशाला भाजी-पाव खाल्ला, पोरांना होल्ड धरून धरून पाव तोडायला पण बोटं वळत नव्हती. अंगठी रात्री घरी आल्यावर खिशात सापडली, सकाळी जाऊन त्याच्या आईला दिली.