टेक्सासचा साचा, नाशिकची फाइल: तज्ज्ञ-अहवालाचा नमुना काही महिने वापरल्यानंतर

ही दुकानात मिळणारी वस्तू नाही, म्हणून आधी ती काय आहे ते सांगते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात डॉक्टरवर किंवा हॉस्पिटलवर निष्काळजीपणाचा दावा लावला, की दावेदाराला ठरलेल्या मुदतीत तज्ज्ञाचा लेखी अहवाल द्यावाच लागतो. माझा मावसभाऊ नाशकात बसून अमेरिकन वकिलांसाठी वैद्यकीय नोंदी लावून द्यायचं काम करतो. या अहवालाचा कोरा नमुना त्याच्याकडून घेतला, आपल्या कायद्याच्या मापाने थोडा कापला, आणि मनोरुग्णालयांच्या केसेसवर चालवून बघितला. मी ग्राहक आयोगात वकिली करते, कधी रुग्णाच्या घरच्यांकडून, कधी डॉक्टरांकडून. तेव्हा पुढचं सगळं दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर बसून लिहिलेलं आहे.

सध्याची तरतूद २००३ च्या सुधारणांतून आली. टेक्सासच्या सिव्हिल प्रॅक्टिस अँड रेमेडीज कोडमधलं कलम ७४.३५१. प्रत्येक प्रतिवादीने आपला पहिला जबाब दाखल केल्यापासून १२० दिवसांत त्याला अहवाल पोचला पाहिजे, सोबत तज्ज्ञाचा बायोडेटाही. अहवालात तीन गोष्टी लागतात: उपचाराचा मान्य दर्जा काय होता, तो कुठे मोडला, आणि त्या मोडण्यामुळेच नुकसान कसं झालं. हॉस्पिटलला हरकत घ्यायला २१ दिवस. अहवाल तोकडा ठरला तर दुरुस्तीला एकदा ३० दिवस मिळू शकतात. अहवालच दिला नाही, तर हॉस्पिटलच्या अर्जावर दावा कायमचा निकाली, वर समोरच्या वकिलाची वाजवी फी आपल्या गळ्यात.

आपल्याकडे असा दरवाजा नाही. २००९ मध्ये मार्टिन डिसूझा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की डॉक्टरला नोटीस काढण्याआधी ग्राहक मंचाने तज्ज्ञाचं मत घ्यावं. पण २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात (मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते) न्यायालयानेच सांगितलं की प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाची गरज नाही. फौजदारी तक्रारीचं वेगळं. तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून दुसऱ्या डॉक्टरचं विश्वासार्ह मत आधी लागतं. मग सक्ती नसताना हा उपद्व्याप कशाला, असं आमच्या सिनिअर सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं. प्रश्न रास्त होता.

पोटात राहिलेला बोळा एक्स-रेमध्ये दिसतो. मनोविकाराच्या वॉर्डात काय चुकलं हे कुठल्याच एक्स-रेत येत नाही. घरचे येतात ते रागाचं आणि अपराधीपणाचं गाठोडं घेऊन. ‘मॅडम, त्यांनी लक्षच दिलं नाही.’ हे वाक्य मी निफाडच्या शेतकऱ्याकडून ऐकलंय, मालेगावच्या व्यापाऱ्याकडून ऐकलंय आणि गंगापूर रोडच्या प्राध्यापकांकडूनही ऐकलंय. तक्रारीतही आम्ही वकील तेच वाक्य जरा भारदस्त करून उतरवतो, आणि दीड-दोन वर्षांनी युक्तिवादात उघडे पडतो.

नमुन्याचा खरा उपयोग इथे झाला. त्यात ‘लक्ष दिलं नाही’ लिहायला जागाच नाही. कोणी, कोणत्या वेळी, नेमकं काय करायला हवं होतं आणि त्याऐवजी काय केलं, हे प्रत्येक प्रतिवादीसाठी वेगळं भरावं लागतं. डॉक्टरचा रकाना वेगळा, सिस्टरचा वेगळा, संस्थेचा वेगळा. या काटेकोरपणामागे टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाचा, आधीच्या कायद्याखालचा, २००१ चा पालासिओस निकाल आहे. मेंदूला इजा झालेला रुग्ण पलंगावरून पडला. त्याला बांधलेले पट्टे सोडायची सवय होती आणि पडू नये म्हणून घ्यायची खबरदारी नीट घेतली नाही, एवढंच तज्ज्ञाने लिहिलं. कोर्ट म्हणालं, मग करायला काय हवं होतं? जास्त वेळा बघायला हवं होतं, जास्त घट्ट बांधायला हवं होतं, की आणखी काही? ते लिहिलं नाही म्हणून अहवाल अपुरा. हा निकाल मी आमच्या दोन्ही ज्युनिअरना वाचायला लावला. त्यानंतर त्यांच्या मसुद्यातली विशेषणं बरीच गळली.

बांधून ठेवल्याच्या तक्रारींमध्ये तर आपली फाइल त्यांच्यापेक्षा भक्कम होते, कारण दर्ज्याचा रकाना आपल्याकडे कायद्यानेच भरून ठेवलाय. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ९७. एकांतात कोंडायला मनाई. बांधायचं तर तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्ग उरला नसेल तेव्हाच, आणि उपचार करणाऱ्या सायकियाट्रिस्टच्या परवानगीने. कसं बांधलं, का बांधलं, किती वेळ बांधलं, हे लगेच केस पेपरवर. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला, २४ तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून नाही, आणि माणसं कमी आहेत म्हणून तर मुळीच नाही. कलम ९५ मध्ये साखळदंडाला बंदी आहे, भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता शॉक देण्यालाही. एवढं लिहिलेलं असल्यावर ‘आमच्याकडे हीच पद्धत आहे’ हा बचाव टिकत नाही. एका फाइलमध्ये हातावर वळ आल्याचे फोटो होते आणि नर्सिंग नोट्समध्ये दर दोन तासांनी ‘रुग्ण शांत, झोपलेला’, एकाच हस्ताक्षरात, एकाच पेनाने, दिवसपाळी आणि रात्रपाळी दोन्ही. बांधल्याची नोंद कुठेच नाही. तो रकाना भरायला तज्ज्ञाला फार वेळ लागला नाही.

अर्थात, कागद हातात आल्याशिवाय काहीच भरता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम २५ प्रमाणे रुग्णाला आपल्या नोंदी मिळायचा हक्क आहे, आणि मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी मागितलं तर डिस्चार्ज कार्डाच्या झेरॉक्सवर बोळवण होते. मागायचे असतात नर्सिंग नोट्स, औषधांचा चार्ट, निरीक्षणाचा तक्ता, संमतीचे फॉर्म आणि दाखल करून घेतलं ते कोणत्या कलमाखाली त्याचा कागद.

आता तिसरा रकाना, कार्यकारणाचा: त्या चुकीमुळेच नुकसान झालं का. इथे नमुना निर्दय आहे, आणि मला तो सगळ्यात जास्त इथेच आवडला.

आत्महत्येच्या केसेसमध्ये पहिले दोन रकाने बरेचदा भरतात. धोक्याची नोंद होती, दर पंधरा मिनिटांनी बघायचं ठरलं होतं, बघितलं नाही. ओढणी काढून घेतली नव्हती. वॉर्डातच घटना घडली असेल तर तिसराही भरतो. पण डिस्चार्जनंतर घरी घडली असेल तर गाडी अडते. टेक्सासमध्येच २००८ चा डॉवेल निकाल आहे: आत्महत्येच्या प्रयत्नानंतर आणलेल्या तरुणाला तातडीच्या विभागातून घरी सोडलं, सुमारे ३३ तासांनी त्याने गळफास घेतला. कोर्टाने हॉस्पिटलला जबाबदार धरलं नाही. त्याला मर्जीविरुद्ध ठेवून घेता आलं असतं आणि ठेवल्याने मृत्यू टळला असता, याचा पुरावा नव्हता. आपली कोर्टं त्या निकालाने बांधलेली नाहीत, पण प्रश्न तोच येतो. आपल्या कायद्यातही स्वतःहून दाखल झालेल्या रुग्णाला घरी जायचं म्हटल्यावर मोजक्या परिस्थितीतच थांबवता येतं.

असा एक बाप माझ्यासमोर बसला होता. तज्ज्ञाने तिसरा रकाना कोरा ठेवून परत पाठवला होता. ‘म्हणजे त्यांचं काहीच चुकलं नाही असं म्हणायचं का तुम्हाला?’ मी म्हटलं, ‘काका, चुकलंय. पण त्या चुकीमुळेच हे झालं, हे लिहून सही करायला डॉक्टर तयार नाहीत.’ त्यांना ते पटलं नाही, आणि पटावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. ते दुसऱ्या वकिलाकडे गेले. ही या नमुन्याची किंमत आहे, पैशात न मोजता येणारी. वापरणाऱ्याने ती धरून चालावं.

उलट टोकाला औषधांच्या केसेस. लिथियम (मनोविकारावरचं औषध) सुरू आहे, रक्तातली पातळी तपासलेली नाही, उलट्या-जुलाबाने शरीरातलं पाणी कमी झालंय, वर अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन दिलंय. या दोन्हींनी लिथियम वाढतं हे कुठलाही फिजिशियन सांगेल, आणि रिपोर्टमध्ये आकडा असतो. सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा ०.६ ते १.२, त्याच्या दुप्पट आकडा छापून आला की तिसरा रकाना जवळजवळ स्वतःच भरतो.

जिथे हा नमुना अजिबात चालत नाही ती जागाही सांगते. एका वॉर्डबॉयला रुग्णाने मारलं, डोक्याला टाके पडले. टेक्सासमध्ये २०१५ च्या दुरुस्तीपर्यंत अशा कर्मचाऱ्यालासुद्धा तज्ज्ञाचा अहवाल लागायचा. २०१२ च्या वेस्ट ओक्स हॉस्पिटल विरुद्ध विल्यम्स निकालात ह्यूस्टनच्या मनोरुग्णालयातल्या कर्मचाऱ्याचा दावा वैद्यकीय दावाच धरला गेला. मला हा निकाल ओढूनताणून केलेला वाटतो. आपल्याकडे त्या माणसाने कामगार नुकसानभरपाईच्या वाटेने जावं, तिथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. त्याच्या हातात तीन रकान्यांचा कागद देणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं.

सगळ्यात मोठी अडचण नमुन्यात नाही, गावात आहे. सही कोण करणार? नाशकातले सायकियाट्रिस्ट एकमेकांना ओळखतात, एकाच परिषदेला जातात, एकमेकांकडे रुग्ण पाठवतात. मत तोंडी देतात, चहाही पाजतात, लेटरहेड मात्र निघत नाही. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्यामुळे सरकारी नोकरीतला अनुभवी मनोविकारतज्ज्ञ गाठायचा तर घाट उतरा नाहीतर पुण्याची गाडी पकडा. आम्हाला शेवटी मुंबईतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी हात दिला. न्यायवैद्यकाच्या डॉक्टरकडून मत घ्यायचा मोह टाळा. टेक्सासमध्ये कार्यकारणावर सिस्टरचं मत चालत नाही, डॉक्टरचंच लागतं; आणि आपल्याकडे मनोविकाराच्या औषधांवर दुसऱ्या शाखेच्या डॉक्टरला प्रश्नावली गेली की उत्तरं डळमळतात.

आणखी एक फरक नीट समजून घ्या. तिकडे हा अहवाल केवळ दरवाज्यापुरता असतो. पुढे खटल्यात तो पुरावा म्हणून सहसा वापरता येत नाही. आपल्याकडे ग्राहक आयोगाचं काम शपथपत्रांवर चालतं, म्हणून दिलेला प्रत्येक कागद पुरावाच होतो. आम्ही पहिला अहवाल फक्त केस घ्यायची की नाही हे ठरवण्यासाठी घेतो आणि दाखल करायचं शपथपत्र नंतर वेगळं तयार करतो. आणि १२० दिवसांचा आकडा डोक्यात घोळवू नका. आपली मुदत ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ ची, कारण घडल्यापासून दोन वर्षं. तज्ज्ञाची वाट बघत ती ओलांडू नका. अहवाल आला नसला तरी तक्रार दाखल करता येते. हॉस्पिटलला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फीसुद्धा नाही. खर्च होतो तो तज्ज्ञावरच.

डॉक्टरांच्या बाजूने वापरला तेव्हाही चांगला चालला. एका छोट्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांना मी कोरा नमुना दिला आणि म्हटलं, उद्या तुमच्याविरुद्ध हा भरायचा झाला तर काय भराल? त्यांनी घरी नेऊन भरला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या वॉर्डात निरीक्षणाचा वेळ लिहायचा तक्ता आला आणि बांधल्याची वेगळी वही आली.

पाचपैकी चार. एक गुण कापलाय तो भाषेसाठी: मावसभावाकडचा मूळ कागद इंग्रजीत आहे, आणि घरच्यांकडून माहिती भरून घ्यायची तर मराठीतच लागतो. मराठी प्रत आम्ही केली आहे, कलम ९७ चं पान वेगळं जोडून. वकील किंवा डॉक्टर असाल तर मागा, देईन. केस तुमच्या घरातलीच असेल तर नमुना नंतर; आधी नोंदी मिळवायचा अर्ज देऊन या.