तुर्कांच्या बंदीतला पणजोबा आणि आठ महिन्यांची शोधाशोध

आमच्या घरात पणजोबांबद्दल दोनच गोष्टी सांगत. एक, ते 'बसऱ्याला' लढायला गेले आणि तुर्कांच्या हाती लागले. दुसरी, वेढ्यात घोड्याचं मटण पुढ्यात आलं तरी त्यांनी ते तोंडाला लावलं नाही. याशिवाय आत्याच्या देव्हाऱ्यात एक पदक होतं. त्याच्या एका बाजूला घोड्यावर बसलेला माणूस आहे. आत्या त्याला खंडोबा समजून वर्षानुवर्षं हळद लावत आली. गणपतीत गावी गेलो तेव्हा ते पदक पहिल्यांदा नीट हातात घेतलं. तेव्हापासून जे सुरू झालं ते शिमगा उलटला तरी थांबलेलं नाही. कुणाला असाच शोध घ्यायचा असेल तर कुठे वेळ घालवावा आणि कुठे नाही, एवढ्यासाठी हे लिहितोय.

घोड्याच्या मटणावरून पहिला धागा मिळाला. तो वेढा पहिल्या महायुद्धातला, आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराचा. इंग्रजांच्या हिंदी फौजेच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने २९ एप्रिल १९१६ रोजी तिथे शरणागती पत्करली आणि सुमारे १३,००० माणसं कैद झाली. त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. घरात नुसतं 'बसरा' म्हणत असतील तर थेट बसरा शहर धरू नका. आपल्याकडे अख्ख्या मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, बसराच म्हणायचे.

सगळ्यात जास्त रात्री गेल्या त्या जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या पहिल्या महायुद्धाच्या कैद्यांच्या साइटवर. १९१४ सालीच रेडक्रॉसने तिथे कैद्यांची माहिती गोळा करणारी कचेरी उघडली होती. तिथली लाखो कार्डं २०१४ पासून फुकट बघता येतात. पण नाव टाकलं की माणूस समोर, असं इथे होत नाही. देश आणि आडनाव दिलं की साइट तुम्हाला कार्डांच्या एका गठ्ठ्यापाशी नेऊन सोडते. पुढे एकेक कार्ड उलटत जायचं. जुन्या तलाठी कार्यालयात फेरफार शोधलेला असेल तर हा प्रकार ओळखीचा वाटेल.

आणि आडनाव कुठलं? आपल्या शिपायांची नावं साहेबाने ऐकू आली तशी लिहिली. पणजोबांचं नाव विठू. मी ते व्हीखाली पाहिलं, डब्ल्यूखाली पाहिलं, शेवटी आयखालीसुद्धा पाहिलं, कारण कुणीतरी 'इटू' ऐकलं असणार अशी शंका आली. कधी आडनाव आहे, कधी नुसतं बापाचं नाव, कधी तेही नाही. आडनावावर विसंबून मी पहिले दोन महिने फुकट घालवले. कार्डावरचे अक्षर-आकड्यांचे संकेत मात्र जपून उतरवून घ्या. ते साइटवरच्या यादीच्या विभागात टाकले की मूळ यादीचं पान उघडतं, आणि खरा मजकूर तिथेच असतो. फ्रेंच येत नाही म्हणून घाबरू नका, वीस-पंचवीस शब्दांत काम भागतं.

दुसरी साइट कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची. ती फक्त युद्धात मेलेल्या सैनिकांची आहे. पणजोबा परत आले, १९५२ पर्यंत जगले, म्हणून मी ती आधी बाजूला ठेवली होती. चूक केली. प्रगत शोधात 'अधिक माहिती' असा एक रकाना आहे. तिथे माणसाचं नाव न टाकता नुसतं खेड आणि रत्नागिरी टाकलं. अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, अशा नोंदी धडाधड खाली उतरल्या. त्यात आमच्याच गावचा, आमच्याच वाडीतला एक शिपाई निघाला, ११७व्या पलटणीतला, कूत पडल्यानंतर काही महिन्यांनी गेलेला. त्याच्या घरी कुणाला याचा पत्ता नव्हता. पणजोबांची पलटण कुठली असावी याचा अंदाजही तिथूनच बांधता आला, कारण एका वाडीतली पोरं पुष्कळदा एकत्रच भरती व्हायची. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीगणिक फक्त आकडा आहे. नावं रजिस्टरात राहिली. ती आज निदान मोबाइलवर तरी दिसतात.

कतार डिजिटल लायब्ररीचं नाव ऐकून मी नाक मुरडलं होतं. पण इंडिया ऑफिसची, म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या खात्याची, मेसोपोटेमियाविषयीची कागदपत्रं तिथे मोफत आणि स्वच्छ वाचता येतात. व्यक्ती सापडणार नाही, प्रसंग सापडतील. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या साइटचंही तेच. तिथे आजच्या स्पेलिंगने मराठा शोधू नका, जुन्या पद्धतीने मधे एच घालून 'माहराट्टा' असं शोधा. कैद्यांच्या बाबतीत अधिकाऱ्यांबद्दल पानंच्या पानं मिळतात. बगदाद रेल्वेच्या कामावर रास अल-ऐनला ज्यांना राबवलं त्या हिंदी शिपायांबद्दल परिच्छेदभर मिळालं तरी नशीब समजा.

पैसे भरून वापरायच्या एका वंशावळीच्या साइटबद्दल न बोललेलं बरं. महिनाभर घेतली, गोऱ्या सोजिरांची माहिती ढीगभर मिळाली, आमच्या कामाचं शून्य. वर सदस्यत्व बंद करायला विसरलो आणि पुढच्या महिन्याचे पैसेही कापले गेले.

हेवा वाटला तो पंजाबचा. लाहोरच्या संग्रहालयातली गावनिहाय भरतीची रजिस्टरं, सुमारे ३,२०,००० सैनिकांची, तिकडच्या लोकांनी संगणकावर आणायला घेतली. २०२१ मध्ये पहिले तीन जिल्हे खुले झाले. गाव निवडा आणि आजोबा बघा. रत्नागिरी-साताऱ्यासाठी असं काही हवं होतं. आपल्याकडे काय, तर गावातल्या भिंतीवर एक दगडी पाटी, 'या गावातून इतके गेले, इतके मेले'. परत आलेल्यांचा हिशोब वजाबाकी करून काढायचा.

दुसऱ्या महायुद्धातला कैदी शोधत असाल, म्हणजे जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला शत्रूच्या हाती सापडलेल्या मराठा पलटणीतला वगैरे, तर वाट निराळी आहे. रेडक्रॉसची त्या काळची कार्डं अशी उघड्यावर नाहीत. अर्ज करावा लागतो, तोही वर्षातल्या ठरावीक दिवशीच घेतात आणि कोटा लगेच भरतो. गजर लावून बसा.

या सगळ्यात खरी किल्ली मात्र देव्हाऱ्यात होती. पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. नाव दहा तऱ्हांनी लिहिलं जाईल, नंबर सहसा बदलत नाही. आमच्या पदकाच्या कडेत हळद घट्ट बसली होती. जुन्या टूथब्रशने, आत्याच्या देखरेखीखाली, ती काढली. मग कागद ठेवून पेन्सिल घासली. पलटण ११७ स्पष्ट आली, विठूही आला. नंबरचे तीन आकडे आले आणि चौथा झिजलेला. तीन असावा किंवा आठ.

फेब्रुवारीत जिनिव्हाच्या गठ्ठ्यात एक कार्ड लागलं. ११७ मराठा, शिपाई, नाव 'विट्टू' म्हणता येईल असं. नंबरचे पहिले तीन आकडे तेच, शेवटचा ठसठशीत आठ. आत्याला दाखवलं तर म्हणाली, "आठच असणार रे." आता दापोलीच्या एका सोनाराकडे भिंग आहे म्हणतात, मे महिन्यात पदक घेऊन तिकडे जायचंय. आत्या सोबत येणार आहे, पदक एकट्याच्या हाती द्यायला ती तयार नाही.