पर्वरीतली पूर्वग्रहावरची कार्यशाळा: रूम भाड्याने देणाऱ्यांनी चुकवू नका

गेल्या महिन्यात गोव्यात पर्वरीला एक दिवसाची कार्यशाळा केली, विषय होता वंशाबद्दलचे पूर्वग्रह आणि मानसशास्त्र, आणि बोलावलं होतं मुख्य म्हणजे आमच्यासारख्या गेस्ट हाऊसवाल्यांना. पैसे वसूल.

सुरुवातीलाच सांगितलं की शंभर वर्षांपूर्वी बरेच मानसशास्त्रज्ञ स्वतःच कुठला वंश बुद्धीने कमी ते मोजत बसले होते, गोरे वरचढ हे आधीच धरून. १९२०-३० च्या सुमारास प्रश्नच फिरला, की समोरच्यात काय कमी आहे ते राहू दे, कमी लेखणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते बघा.

मला सगळ्यात भिडला तो लापिएर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा अभ्यास, १९३४ चा. हा माणूस एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरला, २५१ हॉटेलं-रेस्टॉरंटं केली, नकार फक्त एका ठिकाणी, आणि नंतर त्याच लोकांना पत्र टाकून विचारलं चिनी गिऱ्हाईक घ्याल का, तर उत्तर आलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी नाही म्हणून कळवलं! त्यावर कळंगुटची एक बाई उठून म्हणाली, आमच्याकडे उलटं आहे, विचारलं तर सगळे म्हणतात आम्ही कुणालाही रूम देतो, पण नायजेरियन मुलगा दारात आला की रूम फुल्ल. कुणीही तिला खोडून काढलं नाही.

१९५० मध्ये अडॉर्नो या जर्मन विचारवंताने नि त्याच्या सहकाऱ्यांनी पूर्वग्रहाचा दोष कडक शिस्तीत वाढलेल्या विशिष्ट स्वभावावर टाकला, म्हणजे बाकीचे आपोआप सुटले. पण ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या आसपास ब्रिस्टलची शाळकरी पोरं घेतली, कुणाला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडतात नि कुणाला कांडिन्स्कीची एवढ्यावरून गट पाडल्याचं सांगितलं, तरी पोरं आपल्याच गटाला जास्त पैसे द्यायला लागली. आपण इथे घाटी-बिगर घाटी करतो ते किती सहज होतं हे तेव्हा नीट कळलं.

एकच तक्रार. १९९८ ची ती कॉम्प्युटरवरची टेस्ट, शब्द नि चेहरे किती झटकन जुळवतो त्यावरून मनातला छुपा कल मोजणारी, ती जेवणानंतर घाईत उरकली. एकाच माणसाचा स्कोअर दोन वेळेला बराच वेगळा येऊ शकतो हे ठासून सांगायला हवं होतं, काही जण उगाच स्वतःवर शिक्का मारून घरी गेले.

शेवटचा तास मात्र एकदम कामाचा, मन मोजत बसण्यापेक्षा बुकिंगचा नियम लिहून लावा, सगळ्यांना तीच कागदपत्रं, तेच डिपॉझिट. बोलणं कोंकणी-मराठीत, जेवण साधं पण चांगलं, हुमण (माशाची आमटी)-भात. आयोजकांना एक सांगणं: सीझन सुरू व्हायच्या आत बार्देशात किनाऱ्याकडे एक बॅच घ्या, आणि मालकांबरोबर रिसेप्शनवरच्या पोरांनाही बसवा, फोन तीच उचलतात.