कॉलेज थिएटर ऑडिशनचं अख्खं वर्ष: कोच, प्रीस्क्रीन, युनिफाइड्स, सगळं वापरून झाल्यावरचा अनुभव

लेक यंदा ट्वेल्थला होती, तिने ॲक्टिंगच्या बीएफएसाठी (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) बऱ्याच ठिकाणी आणि म्युझिकल थिएटरसाठी दोनतीन ठिकाणी अर्ज केले. आम्ही न्यू जर्सीत असतो. गेल्या जूनपासून या मेपर्यंत कोच, घरातला रेकॉर्डिंगचा सेटअप, प्रीस्क्रीनची, म्हणजे आधी पाठवायच्या व्हिडिओंची पोर्टल्स, न्यूयॉर्क आणि शिकागोच्या युनिफाइड्स, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्र ऑडिशन, असं सगळं वापरून झालंय आणि सीट पक्की झालीये. आपल्या लोकांत इंजिनिअरिंगचं नाहीतर मेडिकलचं विचारलं तर दहा जण सांगायला पुढे येतात, थिएटरचं सांगणारं मला कोणीच भेटलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय. ज्यांच्या घरात इलेव्हन्थचं नाटकवेडं पोर आहे त्यांनी पूर्ण वाचा.

आधी हे समजून घ्या की इथे दोन अर्ज एकदम चालू असतात. एक नेहमीचा कॉमन ॲपचा, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, त्यात मार्क, निबंध, शिफारसपत्रं, आणि दुसरा डिपार्टमेंटचा, म्हणजे व्हिडिओ आणि ऑडिशन. बऱ्याच कॉलेजात दोन्हीकडून हो यावं लागतं, ऑडिशन अप्रतिम झाली आणि ग्रेड घसरलेल्या असल्या तरी गाडी अडते. बीएफए म्हणजे दिवसाचा मोठा भाग स्टुडिओत, आवाज, हालचाल, अभिनय, आणि वर्ग छोटा. बीए म्हणजे थिएटर मुख्य विषय पण बाकीचं शिक्षणही बरोबरीने. बीए म्हणजे दुय्यम हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा, नॉर्थवेस्टर्नला थिएटर मेजरच्या ॲडमिशनला ऑडिशनच नाहीये आणि तिथलं शिक्षण कोणी कमी लेखत नाही. आम्ही यादीत ऑडिशन नसलेली कॉलेजं मुद्दाम ठेवली होती आणि मार्चमध्ये त्याचा फार आधार वाटला. कारण जागाच किती असतात बघा, ज्युलियार्डच्या ड्रामाला बीएफए आणि एमएफए (पदवीनंतरची मास्टर्स) मिळून वर्षाला जेमतेम १८-२० जण घेतात. कार्नेगी मेलनचं ड्रामा स्कूल १९१४ पासूनचं, ड्रामाची डिग्री देणारं देशातलं पहिलं, तिथेही देशभरातून मुलं येऊन धडकतात आणि वर्ग छोटाच. इथे चांगल्या चांगल्या पोरांना नकार येतो, हे पोराला आणि आजीआजोबांना जूनमध्येच सांगून ठेवा.

आता कोच. घ्यावा का, तर हो, पण तासावर. बाजारात काही हजार डॉलरची पॅकेजेस आहेत ज्यात निबंध, रेझ्युमे, कॉलेजची यादी, मॉक ऑडिशन सगळं गुंडाळून देतात. एका ठिकाणी तर पहिल्याच कॉलवर आमची अमुक इतकी मुलं लागली इथूनच सुरुवात झाली, लेकीचं एक वाक्यही ऐकलं नव्हतं, तिथे आम्ही नमस्कार केला. मग जी कोच मिळाली तिचा उपयोग झाला तो मोनोलॉग, म्हणजे एकट्याने बोलायचा नाटकातला तुकडा, निवडण्यात आणि कापण्यात, आणि तो उपयोग खरंच पैसे वसूल म्हणावा असा होता. बाकी यादी, रेझ्युमे, ईमेल हे घरी होतं.

निवडण्यात काय एवढं असं वाटेल, तर एक उदाहरण देते. लेकीला तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधल्या बेणारेचं शेवटचं स्वगत इंग्रजीतून करायचं होतं, लहानपणापासून घरात ऐकलेलं, तिचा जीव त्यात अडकलेला. कोचने ते पूर्ण ऐकलं, कौतुक केलं आणि मग एकच प्रश्न विचारला, तू हे कोणाला सांगतेयस, आणि त्याच्याकडून तुला आत्ता काय हवंय? आता ज्यांनी ते नाटक पाहिलंय त्यांना आठवेल की त्या क्षणी आजूबाजूचे सगळे थिजलेले असतात, बेणारे बोलते आणि कोणीही ऐकत नसतं, तीच तर त्यातली ताकद आहे. पण दीड मिनिटाच्या ऑडिशनमध्ये समोरच्यांना बघायचं असतं की हे पोर दुसऱ्या माणसावर परिणाम करायला बोलतंय का, बोलता बोलता काही बदलतंय का. शिवाय बेणारे तिशी ओलांडलेली, आणि बहुतेक कॉलेजं सांगतात की स्वतःच्या वयाच्या जवळचं पात्र घ्या, छापलेल्या नाटकातलं घ्या, सिनेमातलं किंवा स्वतः लिहिलेलं नको. लेक दोन दिवस हिरमुसली, मग एका आजच्या अमेरिकन नाटकातला तुकडा घेतला ज्यात धाकटी बहीण मोठीला घर सोडून जाऊ देत नाही. क्लासिकल म्हणून शेक्सपिअर, तो बऱ्याच ठिकाणी मागतातच. ते धाकट्या बहिणीचं पहिल्यांदा आमच्यासमोर केलं तेव्हा मला कळलं की कोच काय म्हणत होती, ती कोणाला तरी थांबवत होती, नुसतं दुःख दाखवत नव्हती.

इथेच माझं सगळ्यात महत्त्वाचं मत सांगते. मटेरियल आणि अभिनय यात आईबापांनी शिरू नये, आपण तारखा, फाइली, पैसे आणि जेवण बघावं. माझा नवरा पुण्याचा, कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका केलेला, त्याला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे हे हाडीमाशी भिनलेलं, आणि ते भरत नाट्य मंदिराच्या स्टेजला अगदी बरोबरच आहे. पण प्रीस्क्रीनमध्ये कॅमेरा पाच फुटांवर असतो आणि तिथे तेवढा आवाज अंगावर येतो. दोन वेगळ्या सूचना मिळाल्या की पोर मध्येच लटकतं. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात घरात ठरलं की सूचना फक्त कोचच्या, बाबा कॅमेरा सांभाळेल, आणि टेक झाल्यावर दोघांनीही फक्त "सेव्ह झालं" एवढंच म्हणायचं. हे पाळायला कठीण जातं, पण पाळा.

प्रीस्क्रीन म्हणजे ऑडिशनला बोलवायचं की नाही ते ठरवण्यासाठी पाठवायचे व्हिडिओ. २०१९ पासून म्युझिकल थिएटरच्या बऱ्याच कॉलेजांनी मिळून कॉमन प्रीस्क्रीन काढली, म्हणजे गाण्याचे, मोनोलॉगचे, डान्सचे ठरावीक पर्याय आणि वेळा, प्रत्येक कॉलेज त्यातला कुठला पर्याय हवा ते सांगतं. मोठी सोय आहे. तरीही कोणाला स्लेट, म्हणजे नाव आणि तुकड्याचं नाव सांगायचा भाग, वेगळ्या फाइलमध्ये हवा असतो, कोणाला कंबरेपासून वर, कोणाला डोक्यापासून पायापर्यंत. म्हणून शूटिंगच्या आधी सगळ्या कॉलेजांच्या मागण्या एका एक्सेलमध्ये टाका आणि मगच कपडे इस्त्री करायला घ्या.

सेटअपसाठी स्टुडिओ भाड्याने घ्यायची अजिबात गरज नाही. फोन आडवा, ट्रायपॉडवर डोळ्यांच्या उंचीला, मागे साधा राखाडी कापडी बॅकड्रॉप, दोन बाजूंनी दोन सॉफ्टबॉक्स लाइट. रिंग लाइट आम्ही परत केला कारण लेकीला चष्मा आहे आणि काचेत गोल कडं दिसतं. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा नाहीतर हात हलवला की प्रकाश वरखाली होतो. आवाजासाठी कॉलरचा साधा माइक मोनोलॉगला पुरतो. गाण्याला मात्र वेळ द्या. पियानोचा ट्रॅक स्पीकरवर लावला आणि स्पीकर लेकीशेजारी ठेवला तर फोन आपोआप आवाजाची पातळी खाली आणतो आणि तिचा आवाज ट्रॅकखाली दबतो. स्पीकर फोनच्या मागे चारपाच फूट नेला, आवाज तिला जेमतेम ऐकू येईल इतका ठेवला, तेव्हा गाणं पुढे आलं आणि पियानो मागे गेला. आणि बेसमेंटमध्ये शूट करत असाल तर ऑक्टोबरमध्ये फर्नेस बंद करून ठेवा, ऐन शांत वाक्याला तो घुरघुरायला लागतो आणि माइक ते बरोबर पकडतो. पानं गोळा करायचे ब्लोअर शनिवारी सकाळी सगळ्या गल्लीत चालू असतात, आम्ही शूटिंग आठवड्यातल्या संध्याकाळी ठेवलं. डान्सला पाय दिसावे लागतात आणि बेसमेंटचं छत बुटकं, तो भाग शाळेतल्या डान्सरूममध्ये परवानगी घेऊन केला. टेकमध्ये एडिटिंग चालत नाही, सलग एकच टेक. चारपाच टेक झाले की थांबा, पुढचे सुकत जातात.

वाइल्ड कार्ड म्हणून एक मिनिटापर्यंतचा व्हिडिओ काही ठिकाणी देता येतो, त्यात काहीही दाखवा, वाद्य, कसरत, चित्रं. लेकीने एकनाथांचं एक भारूड केलं, मंडळाच्या गणपतीत केलेलं, नऊवारी नाही, काही नाही, साध्या काळ्या टीशर्टवर, गिरक्या आणि ठसक्यासकट, मराठीतच. पुढे ऑडिशनच्या मुलाखतीत एकापेक्षा जास्त ठिकाणी तिला त्याबद्दलच विचारलं, ही परंपरा कुठली, प्रेक्षकांशी थेट बोलता का, आणि ती भरभरून बोलली. त्यामुळे आपल्या घरातलं जे आहे ते लपवू नका, पॅनेलला ते हवं असतं.

डेडलाइन साधारण नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून डिसेंबरपर्यंत, काहींची त्याच्याही आधी. शेवटच्या रात्री अपलोड करू नका, फाइली जड असतात. आणि प्रत्येक पोर्टलची फी वेगळी, कॉमन ॲपची वेगळी, त्याची बेरीज आधीच करून बघा, प्रवासाइतकीच टोचते.

युनिफाइड्स म्हणजे अनेक कॉलेजं एकाच शहरात येऊन जानेवारी-फेब्रुवारीत ऑडिशन घेतात, न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस वगैरे. न्यूयॉर्कला आमच्यासाठी ट्रेनने पेन स्टेशन आणि तिथून चालत आठव्या ॲव्हेन्यूवरचे स्टुडिओ, सोपं होतं. शिकागोला पामर हाउस हॉटेल हे या ऑडिशनचं जुनं ठिकाण, लिफ्टमध्ये, जिन्यात, कार्पेटवर सगळीकडे पोरं पुटपुटत असतात. तिथे जायचं असेल तर एकाच इमारतीत बरंच उरकतं हा मोठा फायदा, आणि काही कॉलेजं आयत्या वेळी वॉक-इनही घेतात, लेकीने तेही केलं. तोटा म्हणजे हॉटेलची कोरडी हवा, घसा बसतो, छोटा ह्युमिडिफायर बॅगेत न्या. दोन ऑडिशनच्या मध्ये किमान दीड तास ठेवा, वॉर्मअप लांबतं आणि रांगा सरकत नाहीत. खाण्यासाठी मी घरून मेथीचे ठेपले आणि दहीभाताचं सामान नेलं होतं, बाहेरचं तेलकट आणि थंडगार खाऊन गाता येत नाही.

आत पाच ते दहा मिनिटांचं काम असतं. कधी मोनोलॉग झाल्यावर सांगतात, आता हेच असं कर की तुला हसू आवरत नाहीये. सूचना घेता येते का ते बघतात, त्यामुळे तुकडा एकाच पद्धतीने घट्ट पाठ करून नेलेलं पोर अडकतं. पोर बाहेर आलं की कसं झालं हे विचारू नका, पाणी द्या. पालकांसाठी काही कॉलेजं वेगळं सत्र घेतात, तिथे नक्की बसा आणि विचारा की पहिल्या वर्षाच्या मुलांना नाटकात भूमिका मिळतात का, वर्षाअखेरी कोणाला कमी करतात का, स्कॉलरशिप चारही वर्षं टिकते का. मला यातली उत्तरं ऐकूनच दोन कॉलेजांबद्दलचं मत बदलावं लागलं.

पैशांचं बोलणं प्रीस्क्रीनच्या आधी करा, ॲडमिशन आल्यावर नाही. घरात आकडा ठरवून पोराला स्पष्ट सांगा की वर्षाला इतकं जमेल, वरचं स्कॉलरशिपने आलं तरच. एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलांना फाफ्साची, म्हणजे सरकारी मदतीच्या अर्जावर मिळणारी केंद्राची मदत मिळत नाही, ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप लागते, आणि २१ पूर्ण झाल्यावर एच-४ संपतो, हे ज्यांना लागू आहे त्यांनी वकिलाशी आधीच बोला. ज्यांना फाफ्सा आणि सीएसएस प्रोफाइल (काही कॉलेजांचा मदतीसाठीचा वेगळा अर्ज) भरता येतं त्यांनी ते ऑडिशनच्या धांदलीत विसरू नका. जर्सीवाल्यांनी रटगर्स या राज्याच्या युनिव्हर्सिटीच्या मेसन ग्रॉस या आर्ट्स स्कूलकडे नीट बघा, राज्यातल्या मुलांची फी कमी, बीएफए दमदार, आणि ॲक्टिंगच्या मुलांचं एक वर्ष लंडनला शेक्सपिअर्स ग्लोबमध्ये जातं. सासूबाई फोनवर विचारायच्या येल का नाही, तर येलचं ते प्रसिद्ध ड्रामा स्कूल पदवीनंतरचं आहे, आणि २०२१ पासून तिथे ट्यूशन फी नाहीये, डेव्हिड गेफेन यांच्या देणगीमुळे. हे कळल्यावर आमचं गणित बदललं, पदवीला डोईजड कर्ज काढण्यापेक्षा परवडेल तिथे चांगलं शिकावं आणि एमएफएचा दरवाजा उघडा ठेवावा.

निकाल मार्चअखेरपर्यंत येत राहतात, नकार, वेटलिस्ट, होकार, सगळं मिसळून. आमच्याकडे नकारच जास्त आले आणि एक नकार असा होता की लेक संध्याकाळभर खोलीतून बाहेर आली नाही, तेव्हा तिच्याजवळ बसण्यापलीकडे काही करायचं नसतं. स्कॉलरशिपसाठी पुन्हा विचारता येतं, दुसऱ्या कॉलेजची ऑफर जोडून नम्रपणे लिहिलेलं एक ईमेल, आम्ही लिहिलं आणि रक्कम थोडी वाढली. डिपॉझिटची तारीख १ मे. ज्या दिवशी डिपॉझिट भराल त्याच दिवशी बाकीच्या होकार दिलेल्या कॉलेजांना पोर्टलवर नको असं कळवून टाका, आणि ज्या वेटलिस्टवर थांबायचं नाही तिथूनही नाव काढा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि या एवढ्याशा वर्गात तुमच्या पोराने सोडलेली एक जागा म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी घरी येणारा फोन असतो.