एसटीच्या पाठीवर जाहिरात द्यायचा ऑनलाईन नकाशा, गुहागरात बसून वापरून बघितला

आमचं पालशेतच्या पुढे चार खोल्यांचं होमस्टे आहे, सोबत घरगुती जेवण. गेल्या दिवाळीनंतर बुकिंग एकदम ढिलं पडलं तेव्हा डोंबिवलीच्या आत्येभावाने एक लिंक पाठवली. म्हणाला, दादा रील टाकत बसण्यापेक्षा एसटीवर जाहिरात दे, हे लोक नकाशावर जागा दाखवतात, घरबसल्या बुक कर. कंपनीचं नाव देत नाही, एकतर मला कुणाशी वाद घालायचा नाही आणि दुसरं म्हणजे अशा दोन-तीन साईटी बघितल्या, सगळ्यांची तऱ्हा एकच. पण दीड महिना त्या नकाशात डोकं घालून बसलो होतो म्हणून लिहितोय, आपल्याकडच्या कुणाला करायचं असेल तर आधी वाचा.

नकाशा उघडला की महाराष्ट्रभर टाचण्या. लाल म्हणजे बस, निळ्या म्हणजे रेल्वे स्टेशन, हिरव्या म्हणजे बसथांबे आणि होर्डिंग. टाचणीवर बोट ठेवलं की फोटो, साईज, लाईट आहे की नाही, आणि खाली 'रेट विचारा' असं बटण. पहिल्या दिवशी खरं सांगतो मजा आली. चिपळूण स्टेशनच्या फलाटावर पण जागा मिळते, एसटीच्या आत सीटच्या वर पट्टी लावता येते, हे मला माहीतच नव्हतं. आधी हे सगळं कळायला कुणीतरी ओळखीचा गाठायला लागायचा, तो दुसऱ्याचा नंबर द्यायचा, दुसरा उचलायचा नाही. तेवढ्यापुरते नकाशाला पैकीच्या पैकी मार्क. फक्त मोबाईलवर साईट फार जड आहे, आमच्या वाडीत रेंज एकच काडी, नकाशा अर्धा उघडतो आणि अर्धा करडा चौकोन, शेवटी शृंगारतळीला मित्राच्या दुकानात बसून सगळं बघितलं.

आता बसचं ऐका. गुहागर आगारावर लाल टाचण्यांचा नुसता गुच्छ होता. मला वाटलं म्हणजे इतक्या बसगाड्या, आपण त्यातली मुंबईची रातराणी घेऊ. फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणतो, सर बस रूटवर नाही मिळत, आगारावर मिळते, गाडी कुठच्या फेरीला जाईल ते आगार ठरवणार. बरोबरच आहे त्याचं, आज जी गाडी बोरिवलीला गेली ती उद्या हेदवीला वस्तीला जाईल, बिघडली तर आठवडाभर वर्कशॉपात. पण मग ती टाचणी नक्की कशाची? फिरणारी वस्तू जमिनीत रोवून दाखवायची आणि वर पाच किलोमीटरचा गोल काढून 'एवढे लोक बघतील' म्हणून सांगायचं, हे मला काय पटलं नाही.

आणि बसची पाठ प्रत्यक्षात कशी असते ते साईटवाल्याने कधी बघितलंय का? फोटोत चकचकीत लाल गाडी, मागे कुणाच्या तरी साबणाची जाहिरात. आमच्याकडे पावसाळ्यात लाल चिखल आणि उन्हाळ्यात लाल धूळ, मागच्या काचेवर पोरं बोटाने नावं लिहितात. तुमचा फोन नंबर त्याच्या खाली कुठेतरी. बसच्या आतली पट्टी त्यामानाने चांगली, माणूस चिपळूणपर्यंत बसून असतो आणि वाचतो. पण गुहागर-चिपळूण लोकलला बसतं कोण? २०२३ पासून बायकांना अर्ध तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, गाड्या भरून जातात, पण ती सगळी आपलीच माणसं, बाजाराला नाहीतर डॉक्टरकडे निघालेली. साडीचं दुकान, चष्म्याचं दुकान, क्लास, त्यांनी जरूर घ्यावी ती पट्टी. मी पालशेतच्या काकूंना होमस्टे विकून काय करू?

हीच गोष्ट गर्दीच्या आकड्याची. साईटवर जागेला ताऱ्यांचे मार्क देतात, वर लिहिलेलं 'सणांच्या काळात प्रचंड गर्दी'. चिपळूण स्टेशनला पाचपैकी पाच तारे. गणपतीला आणि शिमग्याला तिथे पाय ठेवायला जागा नसते हे खरंच आहे, ज्यादा गाड्या सोडून पण पुरत नाहीत. पण ते चाकरमानी आहेत हो! त्यांचं स्वतःचं घर आहे गावाला, तिथे काकाशी भांडण असलं तरी ते पडवीत झोपतील पण माझ्याकडे भाड्याने खोली घेणार नाहीत. त्यांना विकायचं असेल तर फणसपोळी, आगळ, मोदकाचं पीठ असलं काहीतरी विका, आणि ते पण परतीच्या वाटेवर. गर्दी मोजली, गर्दीत कोण आहे ते नाही बघितलं.

मग मी होर्डिंगकडे वळलो. बहादूरशेख नाक्यावर एक हिरवी टाचणी होती, बघूनच जीव लागला, कारण मुंबईहून हायवेने येणारे आणि कराडहून कुंभार्ली घाट उतरून येणारे दोघे तिथेच भेटतात. फोटोत मस्त मोकळा चौक, निळं आकाश. आता चिपळूणचा माणूस इथेच हसेल. त्या नाक्यावर तेव्हा उड्डाणपुलाचं काम चालू होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचा भाग कोसळला होता ते सगळ्या टीव्हीवर दाखवलं, आणि ह्यांच्या फोटोत एक खांब नाही. म्हणजे फोटो किती जुना ते तुम्हीच बघा. मी स्कूटर काढून गेलो, मुंबईकडून येताना जिथून बोर्ड दिसायला पाहिजे तिथे उभा राहिलो, समोर काँक्रीट. ह्याच्यावर फोनवरच्या मुलाचं उत्तर, सर अँगल थोडा चेंज झालाय. थोडा!

शिवाय मे २०२४ मध्ये घाटकोपरला होर्डिंग पेट्रोल पंपावर पडून एवढी माणसं गेली, त्यानंतर मी तरी सांगाड्याचं सर्टिफिकेट मागितल्याशिवाय पुढे बोलणार नाही असं ठरवलेलं. मागितलं, 'पाठवतो' म्हणाले, अजून पाठवतायत.

गावातल्या पिकअप शेडांचं तर सोडाच. नकाशावर त्यातल्या दोन-तीन 'उपलब्ध' म्हणून दाखवल्या होत्या, एकाचा फोटो तर कुठल्यातरी शहरातला, स्टीलचा बाक आणि मागे मेट्रोचा खांब. खरी शेड म्हणजे जांभ्याच्या भिंती, कपाळावर आमदार निधीतून असं मोठ्या अक्षरात, आणि उरलेल्या जागेत कुणाच्यातरी वाढदिवसाचा बॅनर. तिथे मी माझा बोर्ड लावला आणि दुसऱ्या दिवशी भाऊंचा वाढदिवस आला तर काय करायचं?

पण खरी करमणूक पुढे आहे. साईटवर आपल्या धंद्याची जागा टाकली की भोवती गोल काढून जवळच्या जाहिरातीच्या जागा दाखवतात. मी विचार केला, दापोलीकडून येणारे लोक फेरीबोटीने आमच्या बाजूला धोपाव्याला उतरतात, म्हणून गोल धोपाव्यावर टाकला. तर यादीत पहिलंच दाभोळ! अंतर म्हणे अगदीच थोडं. सरळ रेषेत आहेच, मध्ये खाडी आहे फक्त. फेरीबोटीने दहाएक मिनिटं, आणि बोट चुकली की चिपळूण-खेडवरून शंभरावर किलोमीटरचा वळसा. नकाशाला खाडी पाणी म्हणून कळते, रस्ता म्हणून नाही, आणि आडकाठी म्हणून तर नाहीच. वर 'दाभोळ' शोधलं तर एक टाचणी अंजनवेलला, आमच्याच बाजूला. त्यांना दोष देत नाही, एनरॉन कंपनीने पण वीजप्रकल्प बांधला गुहागर तालुक्यात आणि नाव ठेवलं दाभोळ, अजून सगळा गोंधळ चालूच आहे.

मात्र ह्या खाडीवरूनच माझी ट्यूब पेटली. आमच्या तालुक्याच्या दोन्ही टोकांना बोट आहे, वर दाभोळ-धोपावे आणि खाली तवसाळ-जयगड. श्रीवर्धन, हर्णै, दापोली करत किनाऱ्याने खाली येणारा माणूस पहिल्या बोटीने येतो, गणपतीपुळ्याहून वर येणारा दुसऱ्या बोटीने. स्वतःची गाडी, पोरंबाळं सोबत, रात्रीची सोय बऱ्याच जणांची झालेली नसते. आणि जेट्टीवर काय करतो? थांबतो. गाडी रांगेत लावून खाली उतरतो, पाणी बघतो, वडापाव खातो, परत पाणी बघतो. वाचायला समोर बोटीचं टाईमटेबल सोडून काही नाही. जाहिरातीला ह्याच्यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार सांगा, आणि नकाशावर चारही धक्क्यांवर मिळून एक टाचणी नाही! मी त्या मुलाला विचारलं, फेरीबोट का नाही? तो म्हणाला, सर आमच्याकडे ती कॅटेगरीच नाही, बस, रेल्वे, मेट्रो आणि एअरपोर्ट आहे. गुहागरला मेट्रो शोधतो म्हटलं आणि फोन ठेवला.

जेट्टीवर वाटेल तिथे बोर्ड ठोकता येत नाही, तशी भानगड करू नका, जागा कोणाची ते विचारून घ्या. मी ओळखीच्या एका वहिनींच्या टपरीला पत्र्याचा बोर्ड लावला, त्यांच्याच हद्दीत. फ्लेक्स मुद्दाम नाही केला, खाऱ्या वाऱ्याने एका मोसमात चिंध्या होतात, शृंगारतळीच्या पेंटरकडून ऑईलपेंटने रंगवून घेतला. तीन ओळी, मोठी अक्षरं: घरगुती जेवण, खोली, अर्ध्या-पाऊण तासावर, आणि नंबर. 'समुद्राच्या कुशीत' वगैरे लिहिणार होतो, बायको म्हणाली लोकांना भूक लागलेली असते, जेवण आधी लिहा. लिहिलं. भाड्याच्या बदल्यात आमच्याकडचं कोकम सरबत वहिनींना विकायला देतो, हिशोब महिन्याला. नाताळच्या आठवड्यात बोटीतूनच पाच फोन आले, तीन जण राहिले, त्यातले एक कुटुंब पुण्याचं होतं, ते उतरल्या उतरल्या 'मोदक मिळतील ना' विचारत होते.

तर साईट वाईट आहे का? नाही. रत्नागिरी शहरात शोरूम असेल, चिपळुणात क्लास असेल, तर जरूर वापरा, कुठे काय मिळतं ते तासाभरात कळतं, दोन जागांची साईज शेजारी ठेवून बघता येते. पण टाचणीवर पैसे भरू नका. आधी गूगल मॅपवर तीच जागा काढून लोकांनी टाकलेले ताजे फोटो बघा, मग स्वतः जाऊन उभे राहा, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि येणाऱ्याच्या बाजूने बघा, जाणाऱ्याच्या नाही. रेट लेखी घ्या, छपाई आणि लावायची मजुरी आत आहे की वेगळी ते विचारा, वर १८ टक्के जीएसटी लागतो तो पहिल्या फोनवर कुणी सांगत नाही. आणि जून ते सप्टेंबरचं पॅकेज स्वस्तात देतो म्हणाले तर ते का स्वस्त आहे ते आपल्याला कळतंच.

माझ्याकडून पाचपैकी अडीच. अर्धा त्या फोनवरच्या मुलासाठी, पोरगा बिचारा शेवटपर्यंत चिडला नाही. परवा परत त्याचा फोन होता, सर तुमच्यासाठी दाभोळला नवीन लोकेशन आलंय, तुमच्यापासून एकदम जवळ.