ब्लोअरला व्हीएफडी की टाकीत नवे डिफ्यूझर?

नगरपरिषदेत काम करणाऱ्या एका मित्राचा प्रश्न: मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचं वीजबिल उतरवायचंय, पण पैसे एकाच कामापुरते आहेत. बिलाचा निम्म्याच्या आसपास भाग हवा देण्यावरच जातो, म्हणून दोन्ही पर्याय विचार करण्याजोगे आहेत: टाकीत हवा ढकलणाऱ्या ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावणं, किंवा टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर बदलणं.

खर्च आणि खटपट पाहिली तर व्हीएफडी सरस. तो पॅनेलमध्ये बसतो आणि केंद्र फार काळ थांबत नाही. डिफ्यूझर बदलायला बहुतेक वेळा टाकी रिकामी करावी लागते. एकच टाकी असेल तर मैलापाणी वळवायचं कुठे?

बचतीचं नीट समजून घ्या. ट्विन लोब ब्लोअरचा (दोन फिरत्या पाकळ्यांनी हवा ढकलणाऱ्या) वेग २० टक्के घटवला की वीजही साधारण तेवढीच वाचते. वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात उतरते हे गणित पंख्यासारख्या फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूगल ब्लोअरचं, ते इथे लावू नका. नव्या डिफ्यूझरमधून जाड बुडबुड्यांऐवजी बारीक आले तर तेवढ्याच हवेतून कितीतरी जास्त ऑक्सिजन विरघळतो. मात्र हवा कमी केली नाही, तर बिल तसंच राहतं!

टिकाऊपणात डिफ्यूझरचे रबरी पडदे काही वर्षांनी बदलावेच लागतात. व्हीएफडीला धूळ आणि उष्णता सोसत नाही.

रात्री विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या बराच वर जात असेल (म्हणजे हवा गरजेपेक्षा जास्त), तर व्हीएफडी घ्या. ब्लोअर पूर्ण वेगात असूनही ऑक्सिजन २ गाठत नसेल, तर डिफ्यूझरच. नंतर ऑक्सिजन उरू लागला की ब्लोअरची पुली बदलून वेग उतरवा.